चौथ्या डासाचे पाय

प्रिय आत्या,

उद्या तुझं पुण्यानुमोदन. तुला जाऊन वर्ष झालं. बाबा म्हणाले, "तू बोल माय. तूच जास्त होती तिच्या सोबत. दोन शब्द चांगले बोल." मी हो म्हटलं. दोन शब्द लिहूनही ठेवले होते. मग गुरुवारी, तुझ्या हुडको कॉलनीतल्या घरात फोटो शोधताना मी तुझी लाकडी पेटी उघडली.

आता ते दोन शब्द मला म्हणता येणार नाहीत. जे म्हणायचं आहे ते उद्या विहारात सगळ्यांसमोर म्हणण्याआधी तुला सांगायला हवं. तुझ्या पाठीमागे सांगितलं तर ती दुसरी चूक होईल.

पेटीत डांबरगोळ्यांचा वास होता. बुचाच्या तळावर सुयांवर टोचलेल्या कीटकांच्या तुझ्या रांगा, जशाच्या तशा. शेवटच्या रांगेत, बाकीच्यांपासून जरा दूर, सुईवर एक डास. खाली चिठ्ठी. अक्षर तुझंच, पण ओळ सोडून खाली उतरत गेलेलं. 'हुडको, राहते घर. स्वयंपाकघर, पडद्यामागे. सकाळी.' मग तारीख. आणि जिथे नाव लिहायचं तिथे काहीच नाही.

तारीख तुला ताप आला त्याच्या पंधरा दिवस आधीची.

आत्या, तू मला तीन डास दिले होतेस. चौथा ठेवून घेतलास. का? माझ्यावर विश्वास नव्हता, की चांगला नमुना घरी ठेवायची जुनी सवय? सवय असावी. असं मला वाटून घ्यायचं आहे.

मी पेटी खिडकीशी नेली. तुझं भिंग घेतलं. सहापैकी पाच पाय शाबूत होते. पायांवर पांढरे ठिपके होते, बारीक, मीठ सांडल्यासारखे. सरळ पाहिलं, तिरकं पाहिलं, पेटी फिरवून पाहिलं. ठिपके गेले नाहीत.

तू मला पहिला कीटक दाखवलास तो माझ्याच डोक्यातला. आपलं सेक्टर दोनचं क्वार्टर, मी तिसरीत. आईने माझे केस कापायला कात्री काढली होती. तू म्हणालीस, "थांब वहिनी, आधी पाहू तं दे." फणीवरची ऊ तू पांढऱ्या बशीत ठेवलीस आणि भिंग माझ्या हातात दिलंस.

"पंख हाय काय तिले?"

"नाही."

"कावून नाही?"

मला कुठे माहीत!

"उडाची गरजच नाही. तिचं गाव, वावर, बजार, सारं तुह्या डोक्यात हाय. उडून जाईन कुठं ते?"

आई कात्री आपटून म्हणाली, "पोरीले शिकवून राह्यली का उवा पाळाले लावून राह्यली?"

मग तू एकेक दाखवत गेलीस. ढेकूण वरून चपटा, कारण त्याला खाटेच्या फटीत राहायचं आहे. पिसू बाजूंनी चपटी, कारण तिला उंदराच्या केसांतून पळायचं आहे. तू म्हणायचीस, "रक्त पेनाऱ्याचं आंग नीट पाह्य पोरी. तो कोनाची वाट पाहून राह्यला ते त्याच्या आंगावर लिवलं असते." मला ते वाक्य आवडलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी खाटेवर बसण्याआधी फटीत बघायची.

लोक तुला मच्छरवाली बाई म्हणत. तुझ्या पदाचं खरं नाव कीटक संग्राहक. ते ऐकून कुणाला हसू आलं नाही असं झालं नाही. आजी तर तुझ्या लग्नाची गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगायची. "पोरगा पाहाले आला. हे चहा घेऊन गेली अन् त्याच्या कॉलरीवरचा ढेकूण धरून आली. बाटलीत!"

तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "पोरगा तसाबी पसंत नव्हता. ढेकूण चांगला होता."

ती बाटलीही पेटीत आहे. पाहिली मी.

तुझ्या हट्टाने मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि माझ्या हट्टाने नागपूरला जाऊन मराठीत एम.ए. नोकरी तुझ्या हट्टाची लागली. तू निवृत्त झालीस त्या वर्षी मी तुझ्याच मलेरिया ऑफिसात कंत्राटावर आले. तुझंच टेबल, तुझाच मायक्रोस्कोप, डाव्या बाजूला तुझ्या कोपराने झिजलेली लाकडी कड. पहिल्या दिवशी तू मला ओळखीचा तक्ता दिलास. त्यात प्रत्येक पायरीवर दोन वाक्यं. पंखावर डाग आहेत, किंवा नाहीत. सोंडेशेजारच्या मिशांवर पट्टे रुंद आहेत, किंवा अरुंद. पायांवर ठिपके आहेत, किंवा नाहीत. एक वाक्य निवडायचं, पुढच्या पायरीवर जायचं. शेवटी नाव.

मी म्हटलं, "सोपं आहे की."

तू म्हणालीस, "सोपं हाय म्हणूनच वंगाळ हाय. हा तक्ता कोनालेच खाली हात वापस पाठवत नाही. तू खोटं बोलली तरी एक नाव देते."

हे मी तेव्हा वहीत लिहून घेतलं. छान वाक्य म्हणून. मराठी शिकलेल्यांना ही खोड असते.

निवृत्त झाल्यावरही पहिली दोन वर्षं तू माझ्याबरोबर सकाळी यायचीस. फिल्डचं काम करणारे साहू भाऊ गाडी चालवायचे. उजाडताच कुणाच्या घरात शिरायचं, टॉर्च भिंतीवर, कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांवर. बसलेला डास काचेच्या नळीने अलगद ओढायचा, नळीच्या तोंडाला जाळी, दुसरं टोक आपल्या ओठांत. तुझा श्वास इतका हलका की डासाला कळायचं नाही तो भिंतीवरून उचलला गेला. मी जोरात ओढायची. डास आपटायचा, पाय तुटायचे.

"झालं," तू म्हणायचीस. "मुका केला. आता इचार त्याले नाव."

साहू भाऊ हसायचे. "बाई, आप तो मच्छर को भी टूटने नहीं देतीं, आदमी को देखो कैसे डाँटती हैं."

"आदमीले सहा पाय असते तं त्यालेबी जपली असती."

आणि तुझा तो एक नियम. जागेवरून नाव द्यायचं नाही. ऑफिसात सगळे द्यायचे, अजूनही देतात. गोठ्यातून आणला तर गोठ्यातला. वस्तीतल्या घरातून आणला तरी बहुतेक तोच, गोठ्यातला, कारण दहांतले नऊ तोच निघतो. त्याचं नाव सबपिक्टस. तो गुरांचं रक्त पितो, आपल्याकडे त्याच्या नावावर मलेरिया कुणी लावत नाही. पहिल्या ओळीत त्याचं नाव लिहायचं आणि खाली 'सदर, सदर, सदर' करत पान संपवायचं. घाईच्या दिवशी फिल्डवर जायच्या आधीच पान भरून ठेवायचं. तू एकदा माझं असं पान पाहिलंस. ते माझ्यासमोर उलटं ठेवलंस आणि चहा प्यायला निघून गेलीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

मी महिनाभर नीट काम केलं. मग तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तू यायची बंद झालीस आणि पान उलटं ठेवणारं कुणी राहिलं नाही.

आता तो रविवार.

मी तुझ्याकडे जेवायला आले होते. तू वांग्याची भाजी केली होतीस आणि मीठ दोनदा घातलं होतंस. दिसत नव्हतं तुला. ऑपरेशन पुढच्या महिन्यात, असं तू सहा महिने म्हणत होतीस. निघताना तू कापसाचं बूच लावलेली नळी माझ्या हातात दिलीस. आत तीन डास.

"घरातले हाय. सकाळी पडद्यामांगून धरले, अंदाजानंच. बसाची ढब आपल्या मलेरियावाल्या जातीची हाय, शेपूट वर. पन कोनता ते मले दिसत नाही. तू पाह्यजो."

"पाहते."

"पाय पाह्यजो. बाकी कायी नाही पाह्यलं तरी चालते."

नळी मी स्कूटरच्या डिकीत टाकली. सोमवारी कामावर गेले, नळी डिकीतच. मंगळवारी दुपारी तुझा फोन यायच्या पाच मिनिटं आधी आठवलं म्हणून काढली. उन्हाने तिघेही वाळून गेले होते. पाय कापसात अडकून सुटे झाले होते. कोणता पाय कोणाचा ते सांगता आलं नसतं. तरी सुटे पाय भिंगाखाली धरले असते तरी दिसलं असतं! एवढंही मी केलं नाही. मला साडेचारला रजिस्टर द्यायचं होतं.

फोन वाजला.

"काय निघाला गं?"

"साधाच आहे आत्या. गोठ्यातला."

"पाय पाह्यले?"

"पाह्यले."

"ठिपके?"

"नाही."

तू म्हणालीस, "हुडकोत गोठा कुठं हाय?"

"नाल्याच्या पलीकडे म्हशी नाहीत का? तिकडून आले असतील."

"हो. म्हशी हाय. बरं. तू पाह्यले म्हनतं तं बरं."

मी फोन ठेवला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: हुडको, तीन, सदर.

त्यानंतर तेरा दिवसांनी तुला ताप आला. पहिल्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "वायरल हाय. घरात जे हाय ते गोठ्यातलं हाय, ते कायी देत नाही." दुसऱ्या दिवशी थंडी वाजली, तू दोन गोधड्या घेतल्यास आणि क्रोसिन. गावाबाहेर तर तू कित्येक महिने गेली नव्हतीस, त्यामुळे दुसरीकडून यायचा प्रश्नच नव्हता, असा तू हिशोब केलास. बरोबर हिशोब. पायरी पायरीने, तक्त्यातल्यासारखा. फक्त एका पायरीवर तुला खोटं उत्तर मिळालं होतं आणि तक्त्याने तुला एक नाव दिलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले तेव्हा तू मला वहिनी म्हणालीस.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं, "मलेरिया दिमाग तक गया है. तीन दिन क्या कर रहे थे आप लोग?" बाबा म्हणाले, "ताई कोनाचं आयकत नाही साहेब." मी तिथेच होते. मी हो म्हणून मान हलवली.

आत्या, मी मान हलवली.

तुझ्यावर मी रागावलेही आहे. हे पण लिहू दे. चाळीस वर्षं तू लोकांच्या दारात जाऊन सांगितलंस, ताप आला की रक्त तपासा, कोणता डास, कुठला डास, ते आम्ही बघू. मग स्वतःची वेळ आली तेव्हा रक्त का नाही दिलंस? डोळे गेले होते, थंडीचा काटा तर कळत होता ना! एका पोरीच्या एका शब्दावर इतका भरवसा? तूच शिकवलं होतंस कुणाच्या शब्दावर नाव लिहायचं नाही.

पण तो शब्द माझा होता म्हणून तू मानलास. हे मला कळतं. ते कळतं म्हणूनच रागावते.

वर्षभर लोकांनी काय काय म्हटलं, सांगू? मच्छरवाली बाई मच्छरनेच गेली. जिद्दी होती. शिकलेल्या माणसाला जास्त अक्कल असते, मग असं होतं. मर्तिकाच्या दिवशी हे बोलताना दोघे हसले, वाईट हेतूने नाही, तोंडाला आलं म्हणून. बाबा अजून जेवताना मधेच थांबून म्हणतात, "एक फोन केला असता ताईनं." तू केला होतास. मला केला होतास.

मला वर्षभर वाटत होतं, कदाचित तो गोठ्यातलाच असेल. मी पाहिले नव्हते, म्हणजे ठिपके होते असं थोडंच ठरतं? चावणारा दुसराच एखादा असेल, कुठल्या दुकानात, कुठल्या रिक्षात. या 'कदाचित'वर मी वर्ष काढलं. गुरुवारी पेटी उघडेपर्यंत.

ठिपकेवाला म्हणजे स्टीफेन्सी, शहरात मलेरिया पसरवणारा. तू त्याला टाकीतला म्हणायचीस. नाली, डबकं, चिखल त्याला लागत नाही. स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं, उंचावर, झाकण फुटकं. आणि माणूस.

शुक्रवारी सकाळी मी पेटी घेऊन साहेबांकडे गेले. तुझ्या वेळचे नाहीत हे, नवे आहेत, शांत आहेत. त्यांनी भिंगातून पाहिलं. मान्य केलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "मैडम, ये एक मच्छर है. एक साल पुराना. रिटायर्ड बाई ने घर में पकड़ा, आँख से दिखता नहीं था. इस पर पूरे साल का रजिस्टर बदलेंगे?"

मी म्हटलं, "सर, वर्षभर आपण नाल्यांत औषध टाकतोय. टाक्या कुणी उघडलेल्या नाहीत. रजिस्टर बघून ठरवलं होतं ते."

"रजिस्टर पर साइन किसके हैं?"

"माझ्या."

"तो सोच लीजिए. अगले महीने कॉन्ट्रैक्ट का कागज़ ऊपर जाना है." आवाज चढवला नाही त्यांनी. चहा मागवला माझ्यासाठी. मी प्यायलेही.

दुपारी साहू भाऊंना घेऊन तुझ्या गच्चीवर चढले. गुडघ्यांमुळे दोन वर्षं तू त्या लोखंडी शिडीवर पाय ठेवला नव्हतास. घर बंद आहे, पण बाबा कुंड्यांतल्या झाडांसाठी दर आठवड्याला टाकी भरतात. झाकणाला हाताएवढी फट. साहू भाऊंनी झाकण सरकवलं आणि तसेच वाकून राहिले.

"देख तो दीदी, कतका कीरा हे!"

अळ्या पाण्याला चिकटून आडव्या पडल्या होत्या, काडीसारख्या, सगळ्या पृष्ठभागावर. आमची सावली पडताच एकदम खाली गेल्या. आम्ही हललो नाही. एकेक करून पुन्हा वर आल्या. त्यांना घाई नव्हती.

मी मान वर केली. तुझ्या गच्चीवरून बाकीच्या गच्च्या दिसतात. प्रत्येक गच्चीवर काळी टाकी. काहींवर झाकण, काहींवर फरशी, काहींवर पोतं, काहींवर काहीच नाही. हुडको संपून पुढे दुर्गच्या बाजूला, बोरसीपर्यंत नजर जाईल तिथवर टाक्याच. उन्हात अगदी गप्प. साहू भाऊ मोजायला लागले आणि मधेच थांबले.

तुझी टाकी आम्ही तिथेच रिकामी केली. पाणी गच्चीवरून वाहत जाऊन पन्हळीतून शेजारच्या अंगणात पडलं. खालून वर्मा काकू ओरडल्या, "अरे कौन है? बाई के घर में कौन है?" त्यांना वाटलं, घरात चोर शिरला.

त्यांची सून सुमन दारात उभी होती. तुला आठवते, तिच्या लग्नात तू भातात मीठ नाही म्हणून सांगितलं होतंस. सातवा महिना आहे तिला. मी खाली उतरले तेव्हा ती म्हणाली, "दीदी, दो दिन से बदन टूट रहा है. आंटी होतीं तो पूछ लेती." अंगावर भर दुपारी शाल होती.

आत्या, ती शाल पाहून मी लगेच रक्त घ्यायचं म्हटलं, पण किट ऑफिसात होतं आणि वर्मा काकू म्हणाल्या, सकाळी ये.

आज सकाळी उजाडताच मी त्यांच्या स्वयंपाकघरात नळी घेऊन गेले. वर्मा काकू म्हणाल्या, "तुम भी बाई जैसी हो गई हो, दूसरों के परदे झाड़ती फिरती हो." पडद्यामागे दोन, गॅसच्या शेगडीवरच्या कपाटात एक. हलका श्वास घेतला. एकाचाही पाय तुटला नाही. नळीत ते भिंतीला डोकं लावून, शेपूट वर करून बसले, जशी या जातीची ढब. तिघांच्या पायांवर ठिपके. पोटं लाल होती. कुणाचं रक्त, ते विचारायला नको होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून पलंगाचे पाय वाजायला लागले. सुमनला थंडी भरली होती.

बोटातून रक्त घेतलं. मलेरियाचं किट लावलं. रेघ आली की नाही सांगता येईना, आहे म्हटलं तर आहे, इतकी पुसट. मी त्यांना थांबू दिलं नाही. वर्मा काकू म्हणत होत्या, वायरल होगा, कल तक देखते हैं. मी म्हटलं, "काकी, मागच्या वर्षी आम्ही उद्यापर्यंत पाहिलं." साहू भाऊ तिला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. जाताना मी त्यांना सांगितलं, डॉक्टरांना म्हणा, या घरात मलेरियाचा डास सापडला आहे, नावासकट. तिच्या रक्ताची एक काच त्यांच्याबरोबर दिली, दुसरी मी इकडे ऑफिसात आणली.

मग रजिस्टर काढलं.

सुरुवातीला वाटलं, लाल शाईने सगळे 'सदर' खोडावे आणि स्टीफेन्सी लिहावं. पेनचं टोपण काढलंही होतं. पण तेही पाहिलेलं नाही ना आत्या. वर्षभराचे ते डास कधीच फेकले. काही गोठ्यातले असतील, काही टाकीतले, काही अजून तिसरेच कुणी. म्हणून प्रत्येक ओळीपुढे लिहिलं: ओळख पटवलेली नाही. पान उलटलं, पुन्हा तेच. ओळख पटवलेली नाही. ओळख पटवलेली नाही. दोन तास लिहीत होते. 'सदर' म्हणायची सोय या वेळी घेतली नाही. शेवटी मागे येऊन सगळं एकदम पाहिलं तेव्हा कळलं मी काय लिहिलं आहे. एक पूर्ण वर्ष या गावात घराघरांतून काय उडत होतं, ते आपल्याला माहीत नाही.

खाली सही केली, कारण लिहिलं. हुडकोच्या त्या ओळीपुढे तुझं नाव लिहिलं, पकडणाऱ्याच्या रकान्यात, आणि चौथ्या नमुन्याची नोंद केली. साहेब सोमवारी बघतील. मग जे व्हायचं ते होईल.

आज संध्याकाळी बाबांना सांगणार आहे. विहारात सगळ्यांबरोबर पहिल्यांदा ऐकायला नको त्यांनी. ते काय म्हणतील ते मला माहीत नाही. कदाचित जेवताना मधेच थांबतील, तेवढंच.

उद्या बोलायला उभी राहीन तेव्हा तुझे गुण सांगणार नाही. आत्याने विचारलं होतं, मी पाहिलं नव्हतं आणि पाहिलं म्हणाले, एवढंच सांगेन. मग सगळ्यांना घरी जाऊन टाकीचं झाकण बघायला सांगेन, जेवणाआधी. लोकांना राग येईल. येऊ दे.

सुमनची काच रंगातून काढून ठेवली आहे. साहू भाऊंचा अजून फोन नाही. काच सुकली की मी मायक्रोस्कोपला डोळा लावणार आहे, तुझ्या झिजलेल्या कडेवर कोपर ठेवून. पहिल्या दृष्टीत काही दिसलं नाही तरी उठणार नाही, काचेचा कोपरान् कोपरा बघेन. तुला वचन देते आत्या. जे असेल ते पाहीन, आणि मगच फोन उचलीन.

तुझी,
मितू